लिलावगृहाकडे कार्ड किंवा सही पाठवताना या चुका टाळा

खेळाडूंची जुनी कार्डे, सह्या केलेले चेंडू किंवा सामन्यात वापरलेले शर्ट लिलावाला देणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार खटकते. वस्तूचे सर्वांत मोठे नुकसान ती लिलावगृहात पोहोचण्याआधीच, आणि तेही मालकाच्याच हातून होते.

'थोडीशी साफसफाई' ही त्यातली सर्वांत घातक चूक. कडा कातरणे, डाग पुसणे, दुमड दाबून सपाट करणे हे सगळे ग्रेडिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे वस्तूची अवस्था तपासून अंक देणाऱ्यांच्या, भिंगाखाली उघडे पडते आणि मग अंकाऐवजी 'फेरफार केलेले' असा शेरा मिळतो. टी-२०६ या बेसबॉल कार्डांच्या मालिकेतील खेळाडू होनस वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाच्या कडा आपण कातरल्या होत्या, अशी कबुली एकेकाळचे लिलावगृहमालक बिल मॅस्ट्रो यांनी 2013 मध्ये न्यायालयात दिली. त्याआधी, 2007 मध्ये, ते कार्ड 28 लाख डॉलरना विकले गेले होते, म्हणून काही उतावळे हेच उदाहरण धिटाईने देतात. मॅस्ट्रो यांना लिलावातील फसवणुकीबद्दल तुरुंगवास झाला, हे मात्र ते सांगत नाहीत.

माझ्या परिचयाच्या एका संग्राहकाकडे सही केलेला एक जुना चेंडू होता. सही खरी होती, पण शाई फिकी पडली होती. छायाचित्रात ती ठळक दिसावी म्हणून त्याने बारीक टोकाच्या पेनने तीच अक्षरे गिरवली. तपासणीत सगळे स्पष्ट झाले: खालची तपकिरी रेघ एका दमात वाहत गेलेली होती, तर वरची निळी रेघ प्रत्येक वळणावर थबकलेली होती आणि थबकल्या जागी शाईचा ठिपका साचला होता. चेंडू परत आला आणि परतीचा खर्चही त्याच्याच माथी पडला. फिकी सही कमी किमतीला का होईना, विकली जाते; गिरवलेली सही कोणी हातातही धरत नाही. मी स्वतः वस्तूवरची धूळसुद्धा लिलावगृहाला विचारल्याशिवाय झटकत नाही.

दुसरी चूक कराराची. जाहीर होणाऱ्या विक्रीच्या किमतीत बहुधा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायची जादा रक्कम, धरलेला असतो, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. अंतिम बोलीचा हातोडा 10,000 डॉलरवर पडला आणि प्रीमियम 20 टक्के असला, तर बातमीत 12,000 छापून येतात. मालकाकडून हातोड्याच्या रकमेवर 10 टक्के कमिशन घ्यायचे ठरले असेल, तर त्याच्या हाती 9,000 पडतात. म्हणून सही करण्यापूर्वी कमिशन कोणत्या रकमेवर आकारले जाणार, खरेदीदाराने पैसे बुडवल्यास काय होणार, वस्तू मागे घेतल्यास दंड किती आणि लिलावगृहाच्या ताब्यात असताना विमा किती रकमेचा, हे चारही मुद्दे मी लेखी मागतो. वस्तू मोलाची असेल तर कमिशनवर घासाघीस जरूर करावी, ते बऱ्याचदा शून्यापर्यंतही उतरते. 'आगाऊ रक्कम लगेच देतो' या आमिषाला भुलणाऱ्यांनी व्याजाचे कलम वाचलेले नसते.

पूर्वेतिहासाची कागदपत्रे फेकून देणाऱ्यांपुढे तर मी हात टेकले आहेत. बेसबॉलपटू बेब रूथचा 1932 च्या वर्ल्ड सीरिजमधला (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेतला) शर्ट 2005 मध्ये 9 लाख 40 हजार डॉलरना गेला आणि 2024 मध्ये 2 कोटी 41 लाखांवर. मधल्या काळात बाजार चढला, हे खरेच. पण सामन्याच्या छायाचित्रांशी शर्टाचे बारकावे जुळवून तो त्याच सामन्यातला असल्याचे दाखवता आले, हेही तितकेच महत्त्वाचे होते. जुनी पावती, पाकीट, खेळाडूच्या कुटुंबाचे पत्र, जे असेल ते वस्तूसोबत द्यावे आणि प्रत स्वतःकडे ठेवावी.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. कोणी तरी मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. प्रत्यक्ष विक्रीचे आकडे पाहावेत. खेळाडूचा हंगाम संपून चर्चा थंडावल्यावर त्याचे कार्ड विकायला काढू नये. बेसबॉलच्या संग्राहकांच्या लिलावात क्रिकेटची बॅट पाठवू नये. कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये (पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात) आणि मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या खोळीत) घालावे, चिकटपट्टीचे टोक दुमडून ठेवावे आणि खोका बंद करण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंनी, स्लॅबवरचा (ग्रेडिंग झालेल्या कार्डाच्या सीलबंद पेटीवरचा) क्रमांक वाचता येईल असे छायाचित्र काढावे.