‘क कमळाचा’ नको, नुसता क

माझ्या पहिलीच्या वर्गात एका मुलीने फळ्यावरचा ‘कप’ हा शब्द ‘कमळ पतंग’ असा वाचला. घरी तिच्याकडून तक्ता घोकून घेतला होता. तिच्या लेखी अक्षर म्हणजे चित्राचं नाव! तिची काही चूक नव्हती. तेव्हापासून पालकांना मी कळकळीने सांगते, अक्षर दाखवाल तेव्हा त्याचा फक्त आवाज म्हणा. क म्हणजे क.

पण अक्षरांच्याही आधी कान तयार करायचे. पहिले आठ-पंधरा दिवस पाटी काढूच नका. भाजी निवडताना विचारा, ‘मेथी, मटार, बटाटा, यातली कोणती भाजी म ने सुरू होत नाही?’ टाळ्या वाजवत म्हणा, ब-टा-टा. बटाट्यातले तीन तुकडे ज्याला ऐकू येतात, त्याला अक्षरं जोडणं सोपं जातं.

मग अक्षरं. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाऊ नका. मी म, क, ल, र आणि काना एवढ्यावर सुरुवात करते. यातूनच मामा, काका, लाल, काल, मला, कमाल हे शब्द होतात, आणि पहिल्याच आठवड्यात मूल खराखुरा शब्द वाचतं. तो आनंद त्याला लवकर मिळायला हवा. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या दिसायला सारख्या जोड्या मात्र एकत्र आणू नका. एक पक्कं झालं की दुसरं.

काना शिकवायला बाटलीची झाकणं आणि आइस्क्रीमची चपटी काडी घ्या. झाकणावर म लिहा. काडी लांब ठेवून ‘म’ म्हणा, मग ती हळूहळू सरकवत झाकणाजवळ आणा. काडी टेकली रे टेकली की ‘मा’! दोन-तीनदा केलं की काडी टेकायच्या आधीच मुलं तोंड उघडून बसतात. मग झाकण बदला. का, ला, रा ती आपणहून म्हणतात.

वेलांटीत दुसरी आधी घ्या. पहिली लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, तिथे मुलं गोंधळतात. शिवाय आजी, मामी, पाणी, गाडी हे घरातलेच शब्द दुसरीने संपतात.

मुलं ‘कऽ माऽ लऽ’ असं सुटं वाचतात आणि शब्द हाती लागत नाही. आपण बोलताना शेवटचा ल पाय मोडल्यासारखा, ‘कमाल्’ असा बोलतो, म्हणून असं होतं. अशा वेळी शब्दाखालून बोट न थांबवता सरकवा आणि ‘आता एका दमात म्हण’ असं सांगा. शब्द ओळखीचा असेल तर तो लगेच सापडतो, म्हणून सुरुवातीला अनोळखी शब्द देऊच नका.

च आणि ज जरा मागे ठेवा. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघा, च एकच पण आवाज दोन. जोडाक्षरं तर त्याहून नंतर.

रोज पंधरा मिनिटं पुरे. आणि मुलाने ‘पाणी’ला ‘पानी’ वाचलं तर तिथे टोकू नका. घरात तो तसंच बोलतो, त्याने शब्द ओळखला, अर्थ लावला, म्हणजे त्याने वाचलं. ण चा आवाज तुम्ही म्हणत राहा, तो ऐकत राहील.