झिरो क्रॉसिंगजवळचा उलटा करंट: व्हॅली स्विचिंगचा पीएफसी करताना

१५० वॅटच्या एलईडी ड्रायव्हरचा बूस्ट पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन: मेन्सचा करंट व्होल्टेजच्या आकाराचा ठेवणारं, व्होल्टेज चढवणारं सर्किट) मी क्रिटिकल मोडमध्येच करतो, म्हणजे इंडक्टरचा करंट शून्यावर आल्यावरच पुढची फेरी सुरू. इंडक्टरचा करंट शून्यावर आला की मॉस्फेटच्या (स्विचिंग ट्रान्झिस्टरच्या) ड्रेन टोकाचं व्होल्टेज आपसूक खाली झुलतं. ते तळाला, म्हणजे व्हॅलीला, गेलं की मॉस्फेट चालू करायचा; हेच व्हॅली स्विचिंग.

आधी ऑन-टाइम, म्हणजे मॉस्फेट चालू ठेवायचा वेळ, काढा: दोन गुणिले इंडक्टन्स गुणिले पॉवर, भागिले आरएमएस व्होल्टेजचा वर्ग. ३०० मायक्रोहेन्री, २३० व्होल्टला १.७ मायक्रोसेकंद येतो. तळापर्यंत थांबायचा वेळ म्हणजे इंडक्टन्स-कपॅसिटन्सच्या गुणाकाराचं वर्गमूळ गुणिले पाय (३.१४). ड्रेनवरच्या १०० पिकोफॅरडला ०.५४ मायक्रोसेकंद. मॉस्फेटचा कपॅसिटन्स कमी व्होल्टेजला कितीतरी पट वाढतो, म्हणून डेटाशीटमधला वेळेसाठीचा समतुल्य आकडाच घ्या. वाइंडिंगचा कपॅसिटन्सही त्यात धरा.

आउटपुट ४०० व्होल्ट असेल तर इनपुट २०० च्या खाली असेपर्यंतच ड्रेन शून्यावर उतरतो. ३२५ च्या शिखरावर तळ २५० वरच लागतो. तरी तिथला स्विचिंग लॉस ०.९ वॅटवरून ०.३ वर येतो.

माझ्या पहिल्या बोर्डावर झिरो क्रॉसिंगजवळ (मेन्सचं व्होल्टेज शून्यातून जातं तिथे) लाइन करंट सपाट पडत होता. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस मी ईएमआय फिल्टर (स्विचिंगचा गोंगाट मेन्सवर जाऊ न देणारा) बदलत बसलो. दोष माझ्या मॉडेलचा होता. तळाची वाट बघताना इंडक्टरमधून करंट उलटा वाहतो, तो मी धरलाच नव्हता. इनपुट २० व्होल्ट असताना हा उलटा करंट ०.२२ अँपिअर भरतो, आणि १.७ मायक्रोसेकंदात करंट चढतो जेमतेम ०.११. म्हणजे तो शून्याच्या वर येतच नाही. लाइनमधून काही ओढलं जात नाही.

म्हणून तिथे ऑन-टाइम वाढवा. उलटा करंट पुसायला ३.३ मायक्रोसेकंद, सरासरी बरोबरीत आणायला आणखी तेवढेच, त्यावर नेहमीचे १.७: सगळे मिळून सव्वाआठ. असेच १०, २०, ४०, ८० व्होल्टचे आकडे काढून मी कंट्रोलरच्या टेबलात भरतो. सिम्युलेशनही आधी २० व्होल्टलाच चालवा. शिखरावर सगळंच छान दिसतं.

बोर्डावर ड्रेन बघताना डिफरेन्शियल प्रोबच (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) लावा. साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप ब्रिजनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांपुढच्या) ग्राउंडला कधीही लावू नका, ते ग्राउंड मेन्सवर तरंगत असतं. आणि प्रोबचे काही पिकोफॅरड ड्रेनवर वाढतात, म्हणून व्हॅली किंचित उशिरा दिसते. टेबल पक्कं करताना तळापर्यंतच्या वेळेतून तेवढा वेळ वजा करा.