थ्रिलर शॉर्टफिल्मच्या टायटल्ससाठी एक टीप

कॉलेजच्या थ्रिलरला ओपनिंग टायटल्स करताय ना, मग ते अक्षरं हळूहळू लांब लांब सरकवायचं इंग्रजी टेम्प्लेट मराठी नावांना लावूच नका, ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेघ मध्येमध्ये तुटते आणि नाव वाचवत नाही. त्यापेक्षा शिरोरेघेचाच वापर करा, काळ्या स्क्रीनवर आधी नुसती एक बारीक रेघ डावीकडून उजवीकडे ओढायची, तिचा किंचित करकर आवाज ठेवायचा, आणि मग मास्क लावून (म्हणजे रेघेच्या वरचा भाग झाकून) अक्षरं तिच्याखाली हळूच उतरवायची, दोरीवर कपडे टाकल्यासारखी. मस्त भीती वाटते, आणि खर्च शून्य.

टायटल्स हलवायच्या आफ्टर इफेक्ट्स सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलतीकडे जात असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न टेक्स्ट इंजिन निवडा. फॉन्ट मुक्ता चालेल, फुकट आहे.

मागे शॉट्स हवेत तर अख्खा वाडा दाखवत बसू नका (शनिवारवाडा तर नकोच, ड्रोनवाल्यांनी पार संपवलाय तो). पेठेतल्या एखाद्या जुन्या जिन्याची झिजलेली पायरी, कडी, कुलूप, एवढे क्लोजअप बास. मालकांना विचारून घ्या, दुपारी १ ते ४ सोडून.

नाव दोनदा मनात वाचून होईल एवढा वेळ स्क्रीनवर ठेवा, दिग्दर्शकाचं सगळ्यात शेवटी. आणि गडद बॅकग्राउंडवर थोडं ग्रेन (जुन्या फिल्मसारखे बारीक ठिपके) टाका, नाहीतर यूट्यूबवर चढवल्यावर काळ्यात पट्टे दिसतात.