जीत कुन दो शिकताना या चुका टाळा

शिकायला येणारी बरीच मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, यात नियम नसतात ना?" असतात, आणि चांगलेच कडक असतात. 1967 मध्ये ब्रूस लीने आपल्या या लढण्याच्या पद्धतीला दिलेल्या 'जीत कुन दो' या नावाचा अर्थच मुळी 'वार वाटेत गाठणाऱ्या मुठीचा मार्ग' असा आहे.

पहिली चूक इथेच होते. कराटेतून आलेल्यांच्या अंगात 'आधी अडव, मग मार' असं भिनलेलं असतं. इथे दोन्ही एकाच दमात करायचं. समोरच्याचा हात निघाला की तो पोचायच्या आत आपला ठोसा लागला पाहिजे. ही कल्पना लीने फेन्सिंगमधून उचलली. म्हणूनच उजव्या हाताच्या माणसाने बॉक्सिंगच्या सवयीने उजवा हात मागे ठेवू नये. तलवारीचा हात पुढेच असतो, तसा इथेही ताकदीचा हात पुढे.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे वाराची चाहूल देणं. ठोसा सुटायच्या आधी खांदा उचलतो, कोपर बाहेर फाकतं, मूठ नकळत मागे खेचली जाते. स्वतःला हे कळत नाही, म्हणून असं तपासा: जोडीदाराने तळहात तुमच्या समोर उघडा धरायचा आणि तुमची हालचाल दिसताक्षणी काढून घ्यायचा. ठोसे हवेत जायला लागले की समजा, चाहूल लागतेय. हात जिथे असेल तिथूनच सोडा, मूठ उभी, म्हणजे अंगठा वर, ठेवा. आधी हात, मग पाय. पुढचं पाऊल टेकायच्या आत मूठ लागली पाहिजे. पाऊल आधी टेकलं तर अंगाचं वजन जमिनीत जातं, ठोशात उतरतच नाही.

आणखी एक चूक डोक्यातली आहे. जीत कुन दो ही मिश्र पद्धत आहे, पण त्याचा अर्थ थोडं मुए थाई, थोडं जुजुत्सू, असं गोळा करत राहणं नव्हे. लीच्या विचारात नको ते काढून टाकण्याला फार मोल आहे. 1964 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला वाँग जॅक मॅन या कुंग फूपटूशी लढल्यावर त्याला स्वतःचा अपुरा दमसास खटकला, विंग चुन या कुंग फू शैलीच्या मर्यादाही जाणवल्या. पण ते विंग चुन त्याने आधी हाँगकाँगला गुरू यिप मॅनकडे घोटून घेतलं होतं. ज्याच्याकडे काहीच नाही, तो टाकणार काय? पहिलं वर्षभर एकच सरळ ठोसा घोटा.

आणि मागची टाच जरा उचललेली हवी. दमलात की आधी तीच खाली बसते, तेव्हा सरावाची शेवटची पाच मिनिटं जोडीदाराला तिच्यावरच नजर ठेवायला सांगा.