मिठीच्या पाणलोटाचा अभ्यास: या चुका टाळा

मुंबईत सिव्हिल, भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्यांच्या जलविज्ञानाच्या प्रकल्पासाठी मिठी नदी अगदी हाताशी असते. जेमतेम १८ किलोमीटर लांबी, आणि २६ जुलै २००५ नंतर तिच्याबद्दल लिहिलंही भरपूर गेलंय. तरी नवख्यासाठी ही सोपी नदी नाही. उगमाला तलावांचे सांडवे, वाटेत विमानतळ, मुखाशी भरती. पुस्तकातली सूत्रं इथेही चालतात, पण आधी हद्द नीट आखावी लागते आणि त्या हद्दीतून काय आत येतं, काय बाहेर जातं याचा हिशेब पुरा करावा लागतो. बहुतेक चुका याच दोन जागी होतात.

हद्द कुठून सुरू होते?

पहिली चूक म्हणजे महापालिकेच्या वॉर्डाची हद्द पाणलोटाची हद्द म्हणून वापरणं. वॉर्डाचे आकडे सहज मिळतात, म्हणून मोह होतो. पाण्याला वॉर्ड कळत नाही.

दुसरी चूक जास्त छुपी आहे: निर्गमबिंदू (जिथून सगळं पाणी बाहेर पडतं तो नदीवरचा बिंदू) न ठरवताच ‘मिठीचं पाणलोट क्षेत्र’ म्हणणं. कुर्ल्याच्या पुलापाशी एक क्षेत्रफळ येईल, माहीमच्या खाडीपाशी दुसरं. आधी नदीवर बिंदू पक्का करा आणि तिथून दोन्ही बाजूंनी चढाकडे रेषा न्या. ही रेषा समोच्च रेषांना (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदते आणि निर्गमबिंदू सोडून कुठेही ओढा ओलांडत नाही. ओलांडत असेल तर रेषा चुकली, थेट मागे जा.

डोंगराळ भागात १:५०,००० चा टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) पुरतो. खाली कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावीकडे तो निरुपयोगी आहे, कारण समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर आणि तो सगळा सपाट पट्टा पहिल्याच रेषेच्या खाली. इथे पावसाचं पाणी जमिनीच्या उतारापेक्षा गटारांच्या जाळ्यावरून जातं. पर्जन्य जलवाहिन्यांचा नकाशा मिळवल्याशिवाय सपाट भागातली हद्द पक्की मानू नका. भूमिगत नाला एका बाजूचं पाणी सरळ दुसऱ्या बाजूला नेऊ शकतो.

संगणकाने काढलेलं पाणलोट विचित्र दिसतंय

क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये डीईएम (चौकटी-चौकटींत जमिनीची उंची देणारा डिजिटल नकाशा) टाकून काम करताना ठरावीक लक्षणं दिसतात.

उतार हजारोंच्या टक्क्यांत येतोय? डीईएम अंश-रेखांशातच राहिलाय: आडवं अंतर अंशांत, उंची मीटरमध्ये. मुंबईसाठी आधी यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत बदलून घ्या, मग पुढचं सगळं.

पाणलोट म्हणून चार-पाच चौकटींचा ठिपकाच येतोय? निर्गमबिंदू प्रवाहाच्या चौकटीला एका चौकटीने चुकलाय. संचित प्रवाहाचा (प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचं पाणी येतं ते सांगणारा) थर समोर ठेवून बिंदू सर्वांत मोठ्या आकड्याच्या चौकटीवर सरकवा.

ओढेच ओढे दिसताहेत, किंवा एकही नाही? उंबरठा, म्हणजे किती चौकटींचं पाणी जमलं की ओढा मानायचा तो आकडा, तपासा. ३० मीटरची एक चौकट म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे १ चौरस किलोमीटरला साधारण १,१११ चौकटी. पहिला अंदाज तिथून धरा आणि प्रत्यक्ष नाल्यांशी ताडून कमी-जास्त करा.

सपाट भागात समांतर सरळ रेघा दिसल्या तर ते ओढे नव्हेत. खळगे भरून काढल्यावर जी सपाटी तयार होते, तिच्यावर प्रोग्रॅमने नाइलाजाने दिलेली ती दिशा आहे. विमानतळाजवळ हे नक्की होणार, कारण मिठी तिथे वळवलेली आहे आणि धावपट्टीखालून जाते, पण डीईएमला वरचा भराव तेवढा दिसतो. शिवाय एसआरटीएमसारख्या मोफत डीईएममध्ये इमारती आणि झाडांचे शेंडेही ‘जमीन’ म्हणून मिसळलेले असतात. उपाय एकच: नदीची खरी रेघ उपग्रह चित्रावरून आखून डीईएममध्ये ‘कोरून’ घ्या आणि मग प्रवाहाची दिशा काढा.

तलावांचं काय? तुळशी भरून वाहिला की पाणी विहारला येतं, विहार आणि पवई भरून वाहिले की मिठीला. म्हणजे जूनमध्ये, विहार अजून रिकामा असताना, त्याच्या वरचं क्षेत्र मिठीला पाणी देतच नाही. ते सरसकट क्षेत्रफळात धरलं तर सुरुवातीच्या सरींचा अपधाव (जमिनीवरून वाहून नदीला मिळणारं पावसाचं पाणी) फुगतो. तलाव भरून वाहायला लागल्याची तारीख शोधा आणि हिशेब दोन टप्प्यांत करा.

पाऊस: एका केंद्रावर विसंबू नका

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. दोन्हींची सरासरी ५०९ येते, आणि ती मुंबईतल्या कुठल्याच पाणलोटाची नाही. मिठीसाठी थिसेन बहुभुज (प्रत्येक जागा सर्वांत जवळच्या पर्जन्यकेंद्राला देणारी विभागणी) काढले तर कुलाब्याचा वाटा बहुधा शून्यच निघेल. तो तसाच राहू द्या.

दुसरा घोळ वेळेचा. हवामान खात्याचा दिवसाचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो, तर वहनमापन (नदीच्या प्रवाहाचं मोजमाप) मध्यरात्रीपासूनचं असू शकतं. जुळवलं नाही तर पूर पावसाच्या आधी आलेला दिसतो.

तिसरी चूक महागात पडते: २४ तासांच्या पावसाला २४ ने भागून तीव्रता काढणं. ९४४ ला २४ ने भागलं की तासाला ३९ मिमी येतात. त्या दिवशी बराचसा पाऊस दुपारपासून काही तासांत पडला आणि काही तासांचा आकडा १०० मिमीच्या पुढे गेला. सूत्रात जी तीव्रता टाकायची ती संकेंद्रण काळाइतक्या (पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचं पाणी निर्गमबिंदूला पोचायला लागणाऱ्या वेळेइतक्या) अवधीची. किर्पिचच्या सूत्राने (लांबीचा ०.७७ वा घात × उताराचा उणे ०.३८५ वा घात × ०.०१९५, लांबी मीटरमध्ये, उत्तर मिनिटांत) २,००० मीटर लांबी आणि ०.०१ उताराला सुमारे ४० मिनिटं येतात. मग ४० मिनिटांची तीव्रता घ्या.

पुराचं कमाल वहन काढायच्या रॅशनल पद्धतीतला (गुणांक × तीव्रता × क्षेत्र ÷ ३६०) ३६० हा भाजक तीव्रता मिमी प्रतितास आणि क्षेत्र हेक्टरमध्ये असेल तेव्हाच. गुणांक ०.८, तीव्रता ५०, क्षेत्र ४० हेक्टर: ४.४ घनमीटर प्रतिसेकंद. क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये टाकून तोच ३६० ठेवला तर उत्तर शंभर पटींनी कमी येईल आणि मोठा नाला नळाच्या धारेएवढा वाटेल. ही पद्धत लहान पाणलोटांसाठी आहे. अख्ख्या मिठीला ती लावू नका.

कर्व्ह नंबरची (जमिनीवरून किती पाणी वाहून जाईल ते सांगणाऱ्या आकड्याची; जास्त आकडा म्हणजे जास्त अपधाव) सरासरी हाही सापळाच. अर्धं क्षेत्र काँक्रीट (९८), अर्धं जंगल (६०), सरासरी ७९. ५० मिमी पावसाला अपधाव १२.८ मिमी येतो. दोन्ही भागांचा अपधाव वेगळा काढून मग सरासरी घेतली तर २२.८ मिमी. संबंध सरळ रेषेचा नाही, म्हणून हा फरक. राष्ट्रीय उद्यान आणि कुर्ला एकाच आकड्यात कोंबणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो.

फेब्रुवारीतलं पाणी भूजलाचं नाही

हायड्रोग्राफचे (वेळेनुसार प्रवाहाच्या आलेखाचे) भाग वेगळे करताना कोरड्या महिन्यांतल्या प्रवाहाला ‘मूलप्रवाह’, म्हणजे भूजलातून येणारा प्रवाह, म्हणून मोकळं व्हायचं, ही खास शहरी चूक. फेब्रुवारीत मिठीत वाहतं ते बहुतेक सांडपाणी, आणि त्याचा उगम मिठीच्या पाणलोटात नाहीच. शहराचं बहुतेक पिण्याचं पाणी भातसा, वैतरणा, तानसाच्या खोऱ्यांतून येतं. विहार-तुळशीचा वाटा अगदी थोडा. रोजचा पुरवठा साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून जास्त आहे. तो शहराच्या सुमारे ४४० चौरस किलोमीटरवर पसरला तर दिवसाला जवळपास ८ मिमी होतो, वर्षाला २,९०० मिमीच्या आसपास. सांताक्रूझला वर्षभरात सरासरी पाऊसही एवढा पडत नाही. त्यामुळे पाणी-ताळेबंदात ‘पाऊस = अपधाव + बाष्पीभवन + साठ्यातला बदल’ एवढंच लिहून बाकी जुळवायला बसलात तर ती जुळणारच नाही. नळाचं पाणी आवकेत घ्या, मलवाहिन्यांतून समुद्राकडे जाणारं जावकेत, गळती भूजलात. आकडे अंदाजी असले तरी रकाना रिकामा ठेवू नका.

मुखाशी: कुठल्या शून्यापासून मोजताय?

नाल्याची वहनक्षमता काढायचं मॅनिंगचं सूत्र एकसारखा प्रवाह गृहीत धरतं. भरतीच्या वेळी मुखाकडचं पाणी मागे रेटलं जातं आणि नाल्याची वहनक्षमता सूत्राने सांगितल्यापेक्षा बरीच कमी होते. म्हणून ओहोटी आणि भरती अशा दोन पातळ्यांसाठी वेगळं गणित करा. इथे सगळ्यात सामान्य घोटाळा शून्याचा: भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांच्या, साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या शून्य पातळीपासून) असते, टोपोशीटवरची सरासरी समुद्रपातळीपासून, आणि महापालिकेच्या जुन्या आराखड्यांवर टाउन हॉल डेटम ही आणखी एक शून्य पातळीही सापडेल. मुंबईत सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.५ मीटरची भरती टोपोशीटच्या मापात साधारण २ मीटर. ही वजाबाकी राहून गेली तर कागदावर धारावी रोज दोनदा बुडते.