जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलताय? या चुका टाळा

लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. डेल प्रिसिजन एम६७००, एम६८००, एचपी एलिटबुक ८७७०डब्ल्यू किंवा पहिल्या पिढीचं झेडबुक १७ यांना ते लागू नाही. या मशिनांत कार्ड मदरबोर्डला डकवलेलं नसतं; एमएक्सएम नावाच्या वेगळ्या मॉड्यूलवर असतं आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढला की हातात येतं. इतकी दणकट मशिनं केवळ ग्राफिक्स मागे पडलं म्हणून भंगारात जाताना बघणं माझ्या जिवावर येतं.

पण हा बदल फसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा कार्डाचा नसतो. घेताना आपण चिपचं नाव बघतो, मेमरी बघतो. त्या चिपला ज्यांच्याशी जमवून घ्यायचंय तो हीटसिंक, स्क्रीनची केबल आणि बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर), यांच्याकडे बघायचं राहून जातं.

स्लॉट न बघता कार्ड मागवणं

आधी मशीन उघडा, मग खरेदी करा. थिंकपॅड डब्ल्यू५३० हीसुद्धा वर्कस्टेशनच, पण तिची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. तिथे विषय संपला. डेलच्या प्रिसिजन ७७१० आणि ७७२० मध्ये एमएक्सएम आहे, पण ७५३० आणि ७७३० पासून डेलने स्वतःचाच वेगळा आकार आणला, त्यात एमएक्सएम कार्ड बसत नाही.

एमएक्सएम ३.० मध्येही दोन आकार आहेत. दोन्हींची रुंदी ८२ मिलिमीटर. टाइप ए ७० मिलिमीटर लांब, टाइप बी १०५. बीच्या जागेत ए कार्ड कनेक्टरला जुळतं, पण तिथला हीटसिंक त्याच्यासाठी बनलेला नसतो. आणि वॅट विसरू नका. एनव्हिडियाचं क्वाड्रो एम३००० एम ७५ वॅटचं, एम५००० एम १०० वॅटचं. ज्या मॉडेलमध्ये कंपनीने कधी १०० वॅटचं कार्ड दिलंच नाही, त्यात ते घालायच्या भानगडीत मी पडत नाही. अ‍ॅडॉप्टरही कंपनीने सर्वांत मोठ्या कार्डासोबत जो दिला होता तोच हवा. कमी ताकदीच्या अ‍ॅडॉप्टरवर मशीन चालू होतं, पण भार आला की वेग पाडतं, आणि आपण दिवसभर ड्रायव्हर बदलत बसतो.

थर्मल पॅड 'अंदाजे' लावणं

सगळ्यांत जास्त कार्डं इथे त्रास देतात, म्हणून जरा थांबून सांगतो. हीटसिंक एकाच वेळी तीन वेगळ्या उंचीच्या गोष्टींना टेकायचा असतो: मधली चिप, तिच्या भोवतीचे मेमरीचे तुकडे आणि वीज सांभाळणारे घटक. चिपवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट, बाकीच्यांवर त्याच कामाचे मऊ पॅड. नव्या कार्डावर या उंच्या जुन्यासारख्याच असतील असं अजिबात नाही.

माझ्या एका एम६८०० मध्ये मी मेमरीवर १ मिलिमीटरचे पॅड लावले, कारण घरात तेच होते. मशीन व्यवस्थित सुरू झालं. थ्रीडी मॉडेल उघडलं आणि मिनिटभरात तापमान ९० च्या वर; पंखा पूर्ण जोरात, पण बाहेर येणारी हवा मात्र कोमट. ती कोमट हवाच खूण होती: उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नव्हती. उघडून पाहिलं तर चिपवरची पेस्ट जशी लावली तशीच, गोल थेंबासारखी. फक्त एका कोपऱ्यात दबलेली. जाड पॅडांनी हीटसिंक वर उचलून धरला होता. अर्ध्या मिलिमीटरचे पॅड लावल्यावर तेच काम ७४ अंशांवर झालं.

तेव्हापासून मी एक गोष्ट चुकवत नाही. पेस्ट लावायची, हीटसिंक तिरके समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत बसवायचा आणि लगेच परत काढून ठसा बघायचा. चिपभर पातळ, सारखा थर आणि प्रत्येक पॅडवर तुकड्याची चौकोनी खूण दिसली, तरच ताजी पेस्ट लावून कायमचं बसवायचं.

स्क्रीन काळी म्हणजे कार्ड मेलं, असं समजणं

पंखा फिरतोय, दिवे लागलेत, स्क्रीन काळी. लोक इथेच कार्ड परत पाठवतात. आधी बाहेरचा मॉनिटर लावून बघा. त्यावर चित्र आलं, तर कार्ड जिवंत आहे आणि अडचण पॅनेलशी बोलण्याची आहे. एम६७०० च्या काळातल्या अनेक पॅनेलची केबल एलव्हीडीएस या जुन्या सिग्नल पद्धतीची असते, आणि पुढच्या पिढ्यांच्या अनेक कार्डांतून तो सिग्नल निघतच नाही. त्यांना ईडीपी या नव्या पद्धतीचं पॅनेल लागतं. जिथे बायोसमध्ये ऑप्टिमस, म्हणजे स्विचेबल ग्राफिक्स, चालू करता येतं तिथे सुटका आहे. मग स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सवर चालते आणि नवं कार्ड मागून काम करतं. ही सेटिंग जुनं कार्ड काढण्याआधीच करून ठेवा. त्याच बैठकीत बायोस शेवटच्या आवृत्तीवर न्या आणि बूट यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या) पद्धतीचं आहे का तेही बघा.

दोन्हीकडे काळोख असेल तर कार्ड पुन्हा काढून बसवा. ते रॅमसारखं तिरकं सरकवून मग खाली दाबायचं असतं. सोनेरी पट्टी एका बाजूला जराशी जास्त दिसली तरी ते पूर्ण बसलेलं नाही. अर्थात हात घालण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा.

ड्रायव्हर 'सापडत नाही' म्हणून हताश होणं

इन्स्टॉलर म्हणतो, सुसंगत हार्डवेअर नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा हार्डवेअर आयडी उघडा. त्यातल्या सबसिस्टिमच्या शेवटच्या चार अंकांत १०२८ म्हणजे डेल, १०३सी म्हणजे एचपी, १७एए म्हणजे लेनोव्हो. डेलसाठी बनलेलं कार्ड एचपीत घातलं, तर ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये, म्हणजे तो कोणत्या कार्डांना चालतो त्या यादीत, चिप आणि कंपनीची ती जोडी नसू शकते. ती ओळ हाताने घालता येते, पण मग विंडोजची ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची तपासणी बंद करून इन्स्टॉल करावं लागतं. नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ५२ ही स्वाक्षरीची चूक येते. कोड ४३ वेगळा, म्हणजे कार्डाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. तिथे आधी जुना ड्रायव्हर सेफ मोडमधून मुळापासून काढा, मगच कार्डावर शंका घ्या.

म्हणूनच शक्य असेल तर आपल्याच कंपनीच्या मशिनातून निघालेलं कार्ड घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. पंख्याचा वेग आणि स्क्रीनचा उजेडही कार्डाच्या व्हीबायोसवर (कार्डाच्या स्वतःच्या बायोसवर) अवलंबून असू शकतो. तो फ्लॅश करायची, म्हणजे नव्याने लिहायची, घाई नको. केलाच तर मूळ फाइल दुसऱ्या मशिनात जपून ठेवल्याशिवाय नाही.

आणि चिपची पिढी बघा: एनव्हिडियाच्या फर्मी, मग केप्लर, मग मॅक्सवेल अशा पिढ्या आल्या. केप्लर चिपांसाठी एनव्हिडियाची ४७० ही शेवटची ड्रायव्हर शाखा, फर्मीसाठी ३९०. आज खर्च करून के५१०० एम घेण्यात मला अर्थ दिसत नाही. मॅक्सवेलच्या खाली उतरू नका.

सगळं जमलं तरी खालचं झाकण लगेच लावू नका. अर्धा तास पूर्ण भार टाका, तापमान चढून एका जागी स्थिरावतंय का बघा, एकदा मशीन स्लीपमध्ये टाकून जागं करा. मग स्क्रू.