जुनं ब्रिटिश रेल्वे पोस्टर: ओरिजिनल की रीप्रिंट, कसं ओळखायचं

ब्रिटनच्या जुन्या रेल्वे कंपन्यांची ती समुद्रकिनाऱ्याच्या सुट्टीची पोस्टर्स विकत घ्यायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नुसत्या चित्रावरून काहीच ठरत नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्केगनेस गावाचंच पोस्टर घ्या ना, दोन्ही हात पसरून वाळूवर उड्या मारत चाललेला तो जाडजूड मच्छीमार, चित्रकार जॉन हॅसलने 1908 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी काढलेला. ते चित्र नंतर इतक्या वेळा छापलं गेलंय की फोटोत सगळी सारखीच दिसतात. खरं काय ते कळतं खालच्या पट्टीवरून, साइजवरून आणि सगळ्यात जास्त शाईवरून.

तर पहिली खालची पट्टी वाचा, अगदी बारीक अक्षरंसुद्धा. तिथे कंपनीचं आणि बहुतेक वेळा छापखान्याचं नाव असतं, वॉटरलो, मॅकॉर्कोडेल, जॉर्डिसन, बेनार्ड प्रेस अशी. आता हे नाव सांगितलेल्या काळाशी जुळतं का बघा. 1923 मध्ये बहुतेक कंपन्या एकत्र करून चार मोठ्या झाल्या, एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न), एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश), ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न, आणि 1 जानेवारी 1948 ला त्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज आली. म्हणजे विकणारा 1935 चं आहे म्हणतोय आणि खाली ब्रिटिश रेल्वेज लिहिलंय तर विषय संपला. ग्रेट वेस्टर्नचा गोल मोनोग्राम 1934 चा, ब्रिटिश रेलचं दोन बाणांचं चिन्ह 1965 चं, हेही लक्षात ठेवा. आणि कडेला वेबसाइट, बारकोड किंवा म्युझियमची क्रेडिट लाइन असेल तर ते रीप्रिंटच.

साइज पटकन बघून होते. स्टेशनवरच्या पोस्टर्सचं नेहमीचं माप डबल रॉयल, म्हणजे 25 बाय 40 इंच, आणि आडवं मोठं क्वाड रॉयल 50 बाय 40. ए3 किंवा 50 बाय 70 सेंटिमीटर दिसलं की रीप्रिंट आहे समजून जा. कडा कापलेलं ओरिजिनलही असू शकतं, पण मग त्याची किंमत कमी व्हायला हवी. उलट माप बरोबर आलं म्हणून लगेच खूश होऊ नका, फुल साइज रीप्रिंटही मिळतात.

आता शाई, इथे घाई करायची नाही. दहा पटीचं भिंग घ्या आणि चित्रातल्या सपाट रंगावर ठेवा, आकाश किंवा समुद्र. जुनी पोस्टर्स लिथोग्राफीने छापलेली, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड नाहीतर जस्ताची प्लेट, त्यामुळे चित्रकार टॉम पर्विसने एलएनईआरसाठी केलेल्या पोस्टर्ससारखं काही असेल तर रंग सलग भरलेला दिसतो आणि दोन रंग भेटतात तिथे एक दुसऱ्यावर किंचित चढलेला असतो, शेडिंग असेल तर खडूने घासल्यासारखे वेडेवाकडे कण दिसतात. हल्लीच्या ऑफसेट रीप्रिंटमध्ये निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके एकसारख्या जाळीत बसलेले दिसतात, एकदा बघितले की विसरणार नाही. पण ठिपके दिसले म्हणजे खोटंच असंही नाही हां! फोटो वापरलेल्या पोस्टर्समध्ये ते असणारच, जसं सदर्नचं 1936 चं, प्लॅटफॉर्मवर सूटकेस घेऊन उभा छोटा मुलगा इंजिनच्या ड्रायव्हरकडे मान वर करून बघतोय ते. अशा वेळी भिंग खाली छापखान्याच्या नावावर आणा. ओरिजिनलमध्ये ती अक्षरं एका शाईची, सलग असतात, आणि तीही रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली तर कुणीतरी अख्ख्या पोस्टरचाच फोटो काढून छापलंय.

अजून शंका असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती केमिकल्स साधारण 1950 नंतर आली, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाआधीचा कागद मंद दिसतो, निळसर पांढरा चमकला तर गडबड आहे. मागे कापड लावलेलं असेल तर ते नवीन असू शकतं, म्हणून समोरचीच बाजू तपासा, तिथे नंतर भरलेला रंगही कधीकधी वेगळा उठून दिसतो.

घड्या, टाचणीची भोकं, कडेला छोटी फाट याने बिचकू नका, मला तर त्या खुणा आवडतात. चिकटवलेली पोस्टर्स बोर्डावरच खराब झाली किंवा त्यांच्यावर पुढची लागली, त्यामुळे जे उरलंय ते बरंचसं न लावलेल्या प्रतींमधलं. तुलनेसाठी यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमचा संग्रह ऑनलाइन बघा, तुमच्या पोस्टरची तिथली प्रत शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा.

घेतल्यावर सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबातच नाही, ते परत निघत नाही. फाटलेलं असेल तर कागदाचं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरकडे द्या, गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो का ते आधी विचारा कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. फ्रेम करताना अॅसिड-फ्री माउंट, यूव्ही अडवणारी काच, कागद आणि काचेमध्ये थोडी फट, आणि जिथे थेट ऊन पडतं त्या भिंतीवर लावू नका.